डॅरेल बँक्सचं सिंगल 20 डॉलरला मिळतंय, घेऊ का?

तुझा प्रश्न असा की डॅरेल बँक्स या अमेरिकन सोल (कृष्णवर्णीयांचं पॉप संगीत) गायकाचं 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' हे सिंगल, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, 14 हजार पौंडांना गेल्याचं वाचलं आणि तेच गाणं अमेरिकेतला एक विक्रेता 20 डॉलरला द्यायला बसलाय, म्हणजे यात काही गडबड आहे की लॉटरी लागलीये? दोन्ही नाही रे मित्रा. गाणं तेच, रेकॉर्ड वेगळी. तुला मिळतेय ती रेव्हिलॉट लेबलची, नंबर 201, डेट्रॉइटची, 1966 सालची. ती तेव्हा चांगली तडाखेबंद चालली होती, आरअँडबी (कृष्णवर्णीय संगीताच्या) चार्टवर 2 नंबर आणि पॉपमध्ये 27, त्यामुळे कॉपी भरपूर निघाल्या आणि आजही निघतात. जे हिट झालं ते दुर्मिळ कसं असेल?

14 हजारवाली भानगड इंग्लंडची आहे. तिथे हे गाणं 1966 मध्ये 'लंडन' लेबलवर यायचं होतं (लंडन हे डेक्का कंपनीच्या लेबलचं नाव, शहराशी घोळ करू नकोस, मी केला होता). रेकॉर्ड तयार झाली, डीजे वगैरेंसाठी डेमो कॉपी निघाल्या, आणि तेवढ्यात हक्क गेले ईएमआय या दुसऱ्या कंपनीकडे, मग लंडनवाल्यांनी आपला माल मागे घेतला आणि गाणं रीतसर आलं ते ईएमआयच्या 'स्टेटसाइड' लेबलवर. पुढे कित्येक वर्षं लंडनची फक्त डेमोच अस्तित्वात आहे असं सगळे धरून चालले होते. 2014 मध्ये साधी विक्रीची कॉपी, म्हणजे डेमोचा शिक्का नसलेली, एक उगवली आणि 14,543 पौंडांना गेली. आत खाचेत जो आवाज आहे तो तुझ्या 20 डॉलरवालीतही आहे, पैसे पडले ते वरच्या कागदाचे.

आता माणसाबद्दल, कारण लोक किमतीवर तासभर बोलतात आणि त्याच्याबद्दल एक ओळ. जन्म 1937, ओहायोतलं मॅन्सफील्ड, खरं आडनाव युबँक्स, वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत. पहिलंच सिंगल हे. आणि तेही वादात, कारण डॉनी एल्बर्ट नावाच्या गायकाचं म्हणणं होतं की हे मूळ माझं गाणं, वेगळ्या नावाने लिहिलेलं, शेवटी श्रेय दोघांत वाटलं गेलं. पुढे 1970 च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमध्ये एका पोलिसाशी बाईवरून भांडण झालं, तो ड्यूटीवर नव्हता, त्याने गोळी घातली, खलास. वय 32. अख्ख्या कारकिर्दीत सिंगल्स 7 आणि एलपी 2, बस. म्हणून तर मला हा गायक कलेक्शन सुरू करायला आवडतो, पूर्ण सेट जमवणं माणसाच्या आवाक्यात आहे.

रेव्हिलॉटवर दोन, 201 आणि 203. अ‍ॅटकोवर 1967 मध्ये दोन, त्यातलं 'हिअर कम द टिअर्स' ऐकच, माणूस रडत नाही पण रडू आवरताना आवाज जसा जड होतो तसा गातो. मग कोटिलियनवर एक आणि 1969 मध्ये व्होल्टवर दोन, हे व्होल्ट म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स या सोल कंपनीच्या लेबलचं भावंड. कोटिलियनवालं मला स्वतःला फार भावलं नाही, सेटसाठी घेतलं इतकंच. 203 वरचं 'समबडी समव्हेअर नीड्स यू' मात्र सोडू नकोस, ते लिहिणारा फ्रँक विल्सन म्हणजे तोच, ज्याचं स्वतःचं, मोटाऊन या डेट्रॉइटच्या बड्या कंपनीचं सिंगल 2009 मध्ये 25,742 पौंडांना विकलं गेलं.

आणि 201 आली की ती उलट! मागच्या बाजूला 'अवर लव्ह इज इन द पॉकेट' आहे, उत्तर इंग्लंडात जुन्या अमेरिकन सोलवर रात्र रात्र नाचणाऱ्या नॉर्दर्न सोलवाल्यांनी ही बाजू डोक्यावर घेतली. माझं पण मत तेच, हिट बाजूपेक्षा ही सरस.

आता सावधगिरी. या नॉर्दर्न सोलच्या वेडापायी सत्तरच्या दशकात मागणी इतकी वाढली की डुप्लिकेट छापणाऱ्यांचं फावलं. मीही फसलोय, याच्याच नाही, दुसऱ्या एका सिंगलला, विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून पाठवलं, घरी आल्यावर लेबल खिडकीपाशी नेऊन भिंगातून बघतो तर अक्षरांच्या कडा भरल्यासारख्या, 'ए' आणि 'ई' ची भोकं बुजलेली. जुन्या लेबलचा फोटो काढून त्यावरून छापलं की असंच होतं. तेव्हा विक्रेत्याला लेबलचा जवळून फोटो मागायचा, शिवाय गाणं संपल्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिथल्या कोरलेल्या नंबराचा पण, आणि तो नेटवरच्या खात्रीच्या कॉपीशी ताडून बघायचा. नुसता 'ओरिजिनल आहे सर' हा शब्द चालत नाही.

दुसरं म्हणजे अमेरिकन 45 (मिनिटाला 45 फेऱ्यांनी वाजणारी सिंगल रेकॉर्ड) कधी व्हिनाइलची असते कधी स्टायरीनची. स्टायरीन कडक, वाकत नाही, नखाने टिचकी मारली तर प्लॅस्टिकच्या डबीसारखी टकटक वाजते, आणि झिजलेल्या सुईने वाजवलेली असेल तर दिसायला चकचकीत पण ऐकायला सुरुवातीलाच खरखर. म्हणून ग्रेड (विक्रेत्याने रेकॉर्डच्या अवस्थेला दिलेला दर्जा) वाचून खूश होऊ नको, वाजवून रेकॉर्ड केलेली क्लिप माग.

आपल्याकडे आणखी एक गोची. आपल्या जुन्या एचएमव्हीच्या 45 ला छोटं भोक असतं, अमेरिकन सिंगलला रुपयापेक्षा मोठं. मधला अडॅप्टर नसेल तर रेकॉर्ड प्लेअरवर ठेवून उपयोग नाही, मी पहिल्यांदा पुठ्ठ्याची चकती कापून बसवली होती, केंद्र केसभर चुकलं आणि बिचारा बँक्स प्रत्येक फेरीला सुरातून घसरून परत येत होता, बायको म्हणाली याला मळमळतंय का.

तर घे, बिनधास्त घे, फोटो बघून. आणि त्याच विक्रेत्याकडे 203 आहे का विचार, कारण पोस्टेज रेकॉर्डपेक्षा महाग पडणार आहे आणि एकाच्या जागी दोन आल्या तरी त्यात फारसा फरक पडत नाही. अडॅप्टर पण त्याच्याकडूनच टाकून घे पार्सलमध्ये.