विद्यापीठातला बायोमेडिकल संशोधन आणि अध्यापनाचा विभाग वाढवायचा असेल तर पैसा आधी कशात घालावा: इमारत, यंत्रं की नवे प्राध्यापक?

तुम्ही तीन पर्याय दिलेत आणि तिन्हींत टेक्निशियन नाही, म्हणून लिहायला बसले. माझ्या मते आधी यंत्र सांभाळणारा माणूस, त्याच्या बरोबरीनं एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल, आणि मग तुमचे तिन्ही पर्याय.

मी अशाच एका विभागात बरीच वर्षं पेशीजीवशास्त्र शिकवलं. विभागाला मोठं अनुदान मिळालं आणि फ्लो सायटोमीटर आला, म्हणजे पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र. उद्घाटन झालं, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याचा फोटो लागला. तो चालवायला प्रकल्पाच्या पैशातून एक टेक्निशियन नेमल्या होत्या, सगळी मुलं त्यांना ताई म्हणायची. सकाळी आल्या आल्या त्या यंत्राची अचूकता तपासायचे बारीक मणी (कॅलिब्रेशनचे बीड्स) लावायच्या, लेसरचे आकडे वहीत उतरवायच्या आणि आलेखातला उंचवटा, म्हणजे पीक, कालच्यापेक्षा रुंद दिसला तर दुरुस्त होईपर्यंत कुणालाही यंत्राला हात लावू द्यायच्या नाहीत. पीएच.डी.चा मुलगा नमुना घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाळलास का?" कारण पेशींच्या गुठळ्या तशाच आत गेल्या की बारीक नळी तुंबते आणि सगळ्यांचाच दिवस वाया जातो. संध्याकाळी आधी ब्लीच, मग डिस्टिल्ड वॉटर, मगच यंत्र बंद.

प्रकल्प संपला. ताईंचं पद कायम करून घ्या म्हणून मी विभागाच्या बैठकीत विषय काढला. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, मॅन्युअल आहे, मुलं शिकतील. टेक्निशियनच्या पगारातून पेपर येत नाहीत." मी म्हटलं, सर, मग यंत्रातूनही येणार नाहीत. विषय तिथंच मिटवला गेला आणि ताई एका खाजगी लॅबमध्ये गेल्या.

पुढं जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी धुलाई न करताच यंत्र बंद केलं, मध्ये सुट्ट्या आल्या, आतलं सलाइन वाळलं आणि नळ्यांत मिठाचे खडे धरले. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपलेली होती, नव्या करारासाठी पैसे नव्हते. यंत्रावर कव्हर चढलं. माझ्या एका विद्यार्थिनीचा अख्खा प्रबंध त्यावर अवलंबून होता. ती बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन दुसऱ्या संस्थेत जायची, पोहोचेपर्यंत बऱ्याच पेशी मेलेल्या असायच्या, आणि तिच्या आकडेवारीवर परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्या मुलीनं सोसलं त्याचा मला अजून राग आहे.

याहून मोठं नुकसान प्रॅक्टिकलचं झालं. एम.एस्सी.च्या मुलांची पूर्वतयारी ताईच करायच्या: पेशी वाढवायचं द्रावण (मीडिया), पेशींचे फ्लास्क, पिपेटची तपासणी. त्या असताना प्रत्येक मूल स्वतःच्या हातानं पेशी वाढवायचं. त्या गेल्यावर प्रॅक्टिकलचं डेमॉन्स्ट्रेशन झालं, एक जण करणार आणि बाकीचे माना उंचावून बघणार. अशी मुलं पीएच.डी.ला आली की पहिलं वर्ष हात बसवण्यातच जातं. शिकवण्यामुळं संशोधनाचा वेळ खाल्ला जातो असं म्हणणाऱ्यांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगचा इतिहास वाचावा. 1824 साली गिसेनसारख्या छोट्या विद्यापीठात गेलेल्या या तरुण प्राध्यापकानं विद्यार्थ्यांनाच प्रयोगशाळेत कामाला लावलं. 1831 मध्ये कार्बन मोजण्याचं काचेचं साधं उपकरण तयार केलं, त्यामुळं जे विश्लेषण मोजक्या तज्ज्ञांना जमायचं ते विद्यार्थी रोजच्या रोज करू लागले. गिसेनचं नाव त्यातून झालं.

आता इमारतीबद्दल. अमेरिकेत 1998 ते 2003 या काळात एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेचा निधी दुप्पट झाला. विद्यापीठांनी भराभर इमारती उठवल्या, माणसं भरली, आणि नंतर निधी जवळपास जागीच थांबला. अनुदानांसाठी झुंबड उडाली, त्यात तरुण संशोधक भरडले गेले. 2014 मध्ये ब्रूस अल्बर्ट्स, हॅरल्ड व्हार्मस या ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञांनी आणि आणखी दोघांनी या व्यवस्थेतल्या दोषांवर एकत्र लेख लिहिला. त्यांच्या उपायांत कायमस्वरूपी स्टाफ सायंटिस्टची (स्वतःचा गट न चालवता दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अनुभवी संशोधकांची) पदं वाढवा, हाही एक होता. उलट केंब्रिजचं उदाहरण घ्या. प्रथिनांची रचना शोधणाऱ्या मॅक्स पेरुट्झचं संशोधन युनिट 1947 साली तिथल्या कॅव्हेंडिश या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगदी लहान प्रमाणात सुरू झालं, स्वतःची मोठी इमारत मिळाली 1962 मध्ये. डीएनएची रचना त्याआधीच, 1953 साली, त्याच युनिटमधून आली होती. नव्या जागेतही यंत्रं सामायिक ठेवली, वर्कशॉप चांगलं ठेवलं, आणि पेरुट्झच्या पत्नी गिसेला यांनी कॅन्टीन चालवलं, जिथं वेगवेगळ्या गटांतले लोक एकत्र बसायचे.

प्राध्यापक घेताना एक पाहा: एकाच वेळी काही जण घेणार असाल तर एकमेकांची यंत्रं वापरू शकतील असे घ्या, नाहीतर प्रत्येकाच्या खोलीत एकेक उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर आणि एकेक अर्धवट वापरलेलं मशीन साठत जातं. पेशींचा साठाही विभागाचा एकच असू द्या, तपासून ठेवलेला. 1966 मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवलं होतं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी पेशीवंशांत खरं तर हेला या झपाट्यानं वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशीच शिरल्या होत्या. हा साठा राखणं, पेशींत नकळत शिरणारे मायकोप्लाझ्मा जिवाणू तपासणं, द्रव नायट्रोजनची पातळी बघणं हे कुणाचं काम? प्राध्यापकाचं नाही, आणि दोन वर्षांनी निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याचं तर नाहीच.

तुमचा विभाग रुग्णालयाशी जोडलेला असेल तर गणित थोडं बदलतं. तिथं डॉक्टरांना संशोधनासाठी राखीव वेळ आणि पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ हे आधी लागतात. प्राणिगृह हवं असेल तर जुन्या खोल्यांत भागत नाही, हवा खेळवण्याची वेगळी सोय लागते, तेव्हा तेवढ्यापुरतं बांधकाम आधी करा. लीबिग आणि पेरुट्झ दोघंही विलक्षण माणसं होती, त्यांची उदाहरणं सगळीकडे जशीच्या तशी लागू होतीलच असं नाही, हेही लक्षात घ्या.

पण "टेक्निशियनच्या पगारातून पेपर येत नाहीत" असं तुमच्या बैठकीत कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. गेल्या पाच वर्षांतले विभागाचे पेपर काढा आणि कोणता आलेख कुणी जुळवलेल्या यंत्रावर निघाला ते त्यांच्यासमोर वाचून दाखवा. टेक्निशियनच्या हातचं काम असेल तिथं तिचं नाव लेखकांत घाला, आभारात नको. आणि यंत्रखरेदीच्या प्रस्तावात चालवणाऱ्याचं कायम पद आणि एएमसीची तरतूद लिहिलेली नसेल, तर त्यावर सही करू नका.