जुन्या आरसीवर नवी जीप बांधून घ्यावी का?

प्रश्न: आमची कराडजवळ शेती आहे. परराज्यातला एक गॅरेजवाला १९९६ च्या जीपच्या आरसीवर नवी चासी, नवी बॉडी आणि दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवून साडेचार लाखांत जीप बांधून द्यायला तयार आहे. शोरूमची गाडी बारा लाखांच्या पुढे जाते. ८० हजार ॲडव्हान्स दिलाय, काम अजून सुरू नाही. पुढे जावं का?

उत्तर: नाही. काम सुरू झालेलं नाही हे बरं झालं. आजच त्याला थांबवा, आणि फोनवर नाही, लेखी.

इंग्लंडमध्ये केटरहॅम सेव्हनसारखी गाडी सुट्या भागांत विकत मिळते. ती घरी जोडायची, त्या एकाच गाडीची सरकारी तपासणी होते आणि पास झाली की नंबर मिळतो. तिथे बांधणं स्वस्त की तयार घेणं स्वस्त, हा हिशेब मांडता येतो. आपल्याकडे नव्या नोंदणीला उत्पादकाचा फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांत बसते असा दाखला, लागतो आणि ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीत पास झालेलं असावं लागतं. गॅरेजकडे यातलं काहीच नसतं, म्हणून तर जुनी आरसी शोधतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तुमच्या बाबतीत मला जास्त भीती चासीची वाटते. नव्या चासीवर जुना नंबर पंच केला, तर प्रकरण फसवणूक आणि बनावटीच्या गुन्ह्यात जातं, आणि पोलिस आधी विचारणार गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्याला. शिवाय १९९६ ची आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागते. इन्स्पेक्टर आरसी हातात घेऊन गाडीभोवती फिरतो, तेव्हा काय दाखवणार?

विम्याचंही तसंच. अपघातात कोणी दगावलं आणि विमा कंपनीने ‘ही ती गाडीच नाही’ म्हटलं, तर भरपाईची रक्कम तुमच्या शेतीवर येऊ शकते. साडेचार लाखांत हा खर्च कुणी धरलेला नाही.

आता ८० हजार. तुम्ही पाठवलेल्या पावतीच्या फोटोत खाली निळ्या शाईने लिहिलंय, ‘पासिंगची जबाबदारी आमची’. ही ओळ सोन्यासारखी आहे, मूळ पावती जपा. बेकायदा काम माहीत असूनही दोघांनी करार केला असेल तर कोर्ट सहसा पैसे परत मिळवून देत नाही. तुम्ही त्याच्या शब्दावर विसंबून पैसे दिले, हे या ओळीवरून दिसतं. आधी वकिलामार्फत नोटीस द्या. नाही ऐकलं तर सातारा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, मुदत दोन वर्षं.

जीपच हवी असेल तर कंपनीची, मूळ इंजिन-चासीची जुनी गाडी बघा. सौदा करण्याआधी चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेऊन आरसीशी ताडून पाहा, कर्जाचा बोजा आहे का तेही तपासा. आणि दरम्यान गॅरेजवाल्याने ‘जीप तयार आहे, घेऊन जा’ असा फोन केला, तरी ताबा घेऊ नका.