इमारत रिकामी करण्याची नोटीस आणि भाडेकरूचा हक्क

मुंबईतील जुन्या इमारतींविषयी आलेल्या वाचकांच्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तर देत आहे.

प्रश्न : आमची इमारत तीन मजली असून सर्व रहिवासी पागडीचे भाडेकरू आहेत. महापालिकेने कलम ३५४ खाली नोटीस लावून इमारत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, वर्गात टाकली आहे आणि ती रिकामी न केल्यास पाणी व वीज तोडली जाईल, असे कळवले आहे. मालक भेटत नाही. एकदा खोली सोडली की हक्क संपला, असे सगळे म्हणतात. आम्ही काय करावे? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : खोली सोडल्याने तुमचा हक्क संपत नाही, हे सर्वांत आधी सांगतो, कारण याच भीतीपोटी माणसे पडायला आलेल्या इमारतीत राहत राहतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३५४ नुसार धोकादायक इमारत दुरुस्त करण्याचा, तिला टेकू देण्याचा किंवा ती पाडण्याचा आदेश आयुक्त देऊ शकतात. मात्र अशा कारवाईमुळे मालक, भाडेकरू आणि रहिवासी यांच्या परस्परांमधील हक्कांना, पुन्हा त्याच जागी राहायला येण्याच्या हक्कासह, बाधा येत नाही, हेही त्याच कलमात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणात, पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असा स्पष्ट निर्णय दिलेला आहे.

परंतु हक्क शाबूत असणे वेगळे आणि पाच-सात वर्षांनी तो सिद्ध करता येणे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४ मध्ये अशा इमारतींसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. इमारत पाडण्यापूर्वी पालिकेने प्रत्येक भाडेकरूचे नाव, त्याचा मजला आणि त्याच्या ताब्यातील चटईक्षेत्र यांची यादी करावी, तसेच पुढे नव्या इमारतीचा आराखडा मंजूर करताना भाडेकरूंशी झालेला करार सादर होईपर्यंत बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळणार नाही अशी अट घालावी, असे त्यांत सांगितले आहे. ही यादी तुमच्यासाठी घराच्या किल्लीइतकीच मोलाची आहे. म्हणून घर सोडण्यापूर्वी सर्व भाडेकरूंनी एकत्र येऊन विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पालिकेच्या अभियंत्यासमोर प्रत्येक खोलीची मोजणी करून घ्यावी आणि यादीची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्याची खात्री करावी. भाडेपावत्या, वीजबिले, जुने पत्रव्यवहार आणि खोलीची आतून-बाहेरून काढलेली छायाचित्रे प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावीत. मालक भाडे घेण्याचे टाळत असेल, तर ते मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेली पावतीही जपून ठेवावी.

तुम्ही पत्राच्या शेवटी, दुसऱ्या अभियंत्याकडून तपासणी करून घेऊन वर्ग बदलून घ्यावा का, असेही विचारले आहे. वर्गांचा अर्थ असा : सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रहिवासी आत असताना दुरुस्त करता येईल अशी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची. दोन तपासणी अहवाल परस्परविरोधी असतील, तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. मालकाने भाडेकरू घालवण्यासाठी चांगली इमारत धोकादायक ठरवून घेतल्याचा संशय असेल, तर या समितीकडे अवश्य जावे. तो तुमचा अधिकार आहे. मात्र खांबांतील गंजलेल्या सळ्या डोळ्यांना दिसत असताना केवळ मुदत वाढावी म्हणून अनुकूल अहवाल मिळवू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. कुर्ल्याच्या नाईक नगरमधील इमारत आधी सी-१ ठरली होती. पुढे दुसऱ्या अहवालाच्या आधारे तिचा वर्ग खाली आला आणि लोक तेथे राहत राहिले. ती इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली आणि १९ माणसे गेली.

वर्ग सी-२ चा ठरला आणि मालक दुरुस्ती करत नसेल, तर त्याच अधिनियमातील कलम ४९९ खाली रहिवासी स्वतः दुरुस्ती करून तो खर्च मालकाकडून वसूल करू शकतात, हेही लक्षात ठेवावे. फार थोड्या भाडेकरूंना हे कलम ठाऊक असते.

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ उपकरप्राप्त आहे. पालिकेची नोटीस आली तर म्हाडा संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवासाच्या वसाहतीत, जागा देईल का? पुढे इमारत कोण बांधणार? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : बेट शहरातील, म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या, १९६९ पूर्वी बांधलेल्या ज्या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो, त्यांची जबाबदारी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. आरंभी अशा इमारती १९,६४२ होत्या. उपकर पालिका मालमत्ता कराबरोबर वसूल करते. दुरुस्ती आणि संक्रमण शिबिर हे मंडळाचे काम आहे. त्यामुळे तुम्हाला शिबिरातील गाळा मागता येतो आणि तो मागताना तुमची चाळ कोठे आहे हे सांगून जवळच्या शिबिराचा आग्रह धरावा. शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबे दोन-दोन पिढ्या तेथेच राहिली आहेत, हे मी लपवणार नाही.

पुनर्बांधणीसाठी म्हाडा कायद्यात कलम ७९-अ घालण्यात आले असून ते २०२२ पासून लागू आहे. इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला पुढील सहा महिने मिळतात आणि तिनेही दिला नाही तर म्हाडा मालमत्ता संपादित करू शकते. या कलमाखालील अनेक नोटिसांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेला, त्यामुळे नोटीस कोणी आणि कोणत्या अधिकाराने दिली हे वकिलाकडून तपासून घ्यावे. तुमची संस्था मात्र आजच स्थापन करण्याच्या तयारीला लागा, कारण सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती, वास्तुविशारद आणि विकासक हे सारे जुळवणे अवघड असते.

प्रश्न : उपनगरातील भाडेकरूंना संक्रमण शिबिर नाही, मग पालिका आम्हाला घर का देत नाही? तिच्याकडे रिकामी घरे आहेत असे ऐकतो. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : खासगी इमारत रिकामी करताना पर्यायी घर देण्याचे बंधन पालिकेच्या कायद्यात नाही, एवढेच तांत्रिक उत्तर देता येईल, पण मला ते पुरेसे वाटत नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पालिका अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, नोटिसा चिकटवते, नळजोडण्या तोडते आणि कुटुंबांनी नातेवाइकांकडे जावे अशी अपेक्षा धरते. ज्यांना भाड्याचे घर परवडत नाही ते परत वर चढतात. घर सोडायला सांगणाऱ्या यंत्रणेने जाण्यासाठी ठिकाण द्यायला हवे, आणि हे काम पालिकेला परके नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले. हा ट्रस्ट १९३३ मध्ये पालिकेत विलीन झाला, आणि आजही त्या ‘बीआयटी’ (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळींची मालक पालिकाच आहे. मालक म्हणूनही तिची कसोटी लागलेली आहे : माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पालिकेची होती, तिच्यात पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे राहत होती आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी ती कोसळली तेव्हा ६१ जण मृत्युमुखी पडले.

रिकाम्या घरांविषयी तुम्ही जे ऐकता, त्यात चेंबूरजवळचे माहुल येते. प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या तेथील हजारो सदनिका प्रदूषणामुळे कोणी घेत नाही. २०२५ मध्ये पालिकेने त्यांतील घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढली तेव्हाही प्रतिसाद अगदी थोडा मिळाला. रिफायनऱ्यांच्या शेजारी आणखी एक लोंढा पाठवावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जे ठरवले ते इथे उपयोगी आहे : माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही आणि योग्य पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे. तो आदेश प्रकल्पबाधितांपुरता होता, तरी हीच पद्धत सी-१ इमारतींतील कुटुंबांसाठी लागू करणे पालिकेला अशक्य नाही. नोटिशीबरोबर ठरावीक काळाचे भाडे मिळाले आणि ती रक्कम पुढे मालकाकडून किंवा विकासकाकडून वसूल करण्याची अट मंजुरीत घातली, तर बहुतेक कुटुंबे पोलीस येण्याआधीच बाहेर पडतील, असा माझा विश्वास आहे.

मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे असा प्रस्ताव मांडायला सभागृहच नव्हते. आता निवडून आलेले प्रतिनिधी आहेत. तुमच्या प्रभागातील सी-१ इमारतींची संख्या, त्यांतील कुटुंबे आणि पालिकेच्या ताब्यातील राहण्याजोग्या रिकाम्या सदनिका यांची आकडेवारी माहिती अधिकारात मागवा आणि भाडे देण्याचा प्रस्ताव प्रभाग समितीत मांडण्याची लेखी मागणी तुमच्या नगरसेवकाकडे करा. अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी, हेही त्यात लिहा.