नऊ दिवसांच्या दुधाने डीएनए बिघडतो का?

प्रश्न : माझी नात सव्वातीन वर्षांची आहे. जन्मल्यावर नवव्या दिवशी कावीळ वाढली, उलट्या थांबेनात. तपासणीत गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेचा एक भाग शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) निघाला. तेव्हापासून सोयाच्या दुधावर आहे. परवा जावईबापूंनी वाचलं, की या आजारात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ने डीएनएला इजा होते. मुलगी रडते आहे, ‘मीच नऊ दिवस अंगावर पाजलं.’ अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का? सत्यनारायणाचं चमचाभर तीर्थ चालेल का?
– एक आजी, कराड

उत्तर : आजी, लेकीला शेजारी बसवून हे वाचून दाखवा. तिने काहीही बिघडवलेलं नाही.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. पोथी उतरवतानाच एखादं अक्षर चुकावं, तसा नातीचा मूळ दोष. नवव्या गुणसूत्रावरच्या ‘गॅल्ट’ जनुकाची एक सदोष प्रत आईकडून आली, एक वडिलांकडून. दोघंही स्वतः निरोगी. हे गर्भ राहिला त्या क्षणीच ठरलं, दुधाने नव्हे. (पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हीच शक्यता चारांत एक असते. त्याआधी जनुकीय सल्ला जरूर घ्या.)

जावयांनी वाचलं ते पोथीवर नंतर पडणाऱ्या डागांबद्दल. दुधातल्या लॅक्टोज या साखरेपासून गॅलॅक्टोज ही साधी साखर सुटते. ते वापरात आणणारं एन्झाइम गॅल्ट जनुकावरून बनतं. ते नसल्याने गॅलॅक्टोज पेशीत तुंबतं. त्यातलं काही गॅलॅक्टिटॉल बनतं. डोळ्यात मोतीबिंदू होतो तो यानेच. ते बनताना पेशीचं जे इंधन खर्ची पडतं, त्याच इंधनावर ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य ताजं राहतं. ते कमी पडलं की ऑक्सिजनचे आक्रमक रेणू डीएनएच्या अक्षरांना, विशेषतः ग्वानिन या अक्षराला, डागाळतात. हाच तो ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’. पण असे डाग तुमच्या-माझ्या पेशींतही रोज पडतात, आणि दुरुस्ती करणारी एन्झाइम्स ते कापून काढतात. ते तुकडे रक्तात, लघवीत मोजता येतात.

अथेन्सच्या डॉक्टरांनी 2006 साली ते तुकडे या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात मोजले. दूध टाळण्याचं पथ्य सैल असलेल्यांत प्रमाण वाढलेलं होतं, काटेकोर पाळणाऱ्यांत ते निरोगी मुलांच्या जवळपास होतं. मला यात मोठा दिलासा वाटतो. तीन वर्षं तुम्ही जे करत आहात, तेच औषध आहे.

शरीर स्वतःही थोडं गॅलॅक्टोज बनवतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा शून्यावर येत नाही. लेकीने त्यासाठीही स्वतःला दोष देऊ नये. मात्र पथ्य पाळूनही काही मुलांचं बोलणं मागे राहतं. शब्द अडखळत असतील तर स्पीच थेरपी आत्ताच सुरू करा, शाळेची वाट पाहू नका.

गोळ्या नकोत. अमेरिकेत हाच दोष असलेल्या फळमाश्यांना क जीवनसत्त्व (हेही एक अँटिऑक्सिडंटच) दिल्यावर त्यांतल्या जास्त माश्या वाचल्या, हे खरं. पण माशीवरून मुलीचा डोस ठरत नाही. शिवाय कित्येक गोळ्यांत लॅक्टोजच भरण म्हणून घातलेलं असतं! कुठलंही औषध घेताना औषधवाल्याला ते विचारा. पेरू, आवळा, टोमॅटो, डाळी पोटभर द्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तीर्थ म्हणजे पंचामृत, त्यात दूध-दही आहे. दह्यातही गॅलॅक्टोज उरतं, तेव्हा चमचाभरही नको. तिच्या तळहातावर तुळशीचं पाणी द्या. प्रसादाचा रवा तिच्यापुरता तेलावर भाजा, पाण्यात शिजवा आणि वर केळं कुस्करा.