फायरप्लेसचे धुराडे दरवर्षी साफ करून तपासून घेणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, फायरप्लेस क्वचित पेटत असली तरीही. लाकूड, विशेषतः ओलसर लाकूड, जळताना निघणारा धूर वर जाता जाता थंड होतो आणि धुराड्याच्या आतल्या भिंतीवर क्रिओसोटचा काळा, डांबरासारखा चिकट थर धरतो. तो ज्वलनशील असल्याने धुराड्यातच आग भडकू शकते. थर सुमारे ३ मिलिमीटर झाला की सफाई लांबणीवर टाकू नये. मला त्याहून अधिक धास्ती वाटते ती पक्ष्याच्या घरट्याने किंवा ढासळलेल्या विटांनी वाट बुजण्याची, कारण मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत उलटतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास. तपासणी थंडीपूर्वी जाणकाराकडूनच करून घ्यावी आणि झोपण्याच्या खोलीजवळ या वायूचा अलार्म अवश्य बसवावा.