कोकणातल्या रानअळंबीपासून नैराश्यावर नैसर्गिक औषध बनवता येईल का?

तुमचा बेत असा दिसतो: पावसाळ्यात रानात फुकट उगवणारी अळंबी वाळवायची, पूड करायची आणि नैराश्यावरच्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूल म्हणून विकायची. अळंबी जरूर विका, पण औषध म्हणून नको. मी बरीच वर्षं लोट्याच्या एमआयडीसीत औषधांच्या दर्जा तपासणीत होतो, आता दापोलीकडे धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पिकवतो. दोन्हीकडचं थोडंफार कळतं.

बुरशीतून औषधं निघतात, यात वादच नाही. पेनिसिलिन घ्या, अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन घ्या. मानसिक आजारांत सध्या बोलबाला आहे सायलोसायबिनचा, म्हणजे काही अळंब्यांत सापडणाऱ्या, भास घडवणाऱ्या द्रव्याचा. अल्बर्ट हॉफमन यांनी ते १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या अळंबीतून वेगळं केलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसानंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्के रुग्णांना चांगला उतार पडला, १ मिलिग्रॅमवाल्यांत १८ टक्क्यांना. बारा आठवडे तो टिकला जेमतेम २० टक्क्यांत. आणि १० मिलिग्रॅमने म्हणावा तसा फरक पडलाच नाही.

खरी गोम या मिलिग्रॅमांत आहे. त्या चाचणीतलं सायलोसायबिन प्रयोगशाळेत तयार केलेलं होतं, अळंबीतून काढलेलं नव्हे. एकाच वाफ्यातल्या दोन अळंब्यांतही त्याचं प्रमाण सारखं नसतं, साठवणीत ते आणखी घटतं. लोट्याला एका बॅचच्या गोळ्यांत थोडा जरी फरक निघाला तरी अख्खी बॅच अडकायची. इथे तर श्रावणातल्या दमट हवेत वाळवलेली पूड दुसऱ्या दिवशी मऊ पडते!

शिवाय आपल्या वारुळावरच्या अळंबीत सायलोसायबिन नसतं. वाळवीशिवाय ती वाढत नाही, त्यामुळे तिची शेतीही होत नाही. महामार्गावर पानात बांधून मिळते ती भाजीसाठी, आणि तिथेच ती शोभते. रानातून काहीही गोळा करून पूड केलीत तर एखादी विषारी जात त्यात यायची. काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या सुरू व्हायला सहा-बारा तास लागतात, तोवर यकृताची वाट लागायला सुरुवात झालेली असते.

लायन्स मेन या खाण्याच्या अळंबीचं विचाराल, तर तिच्या पुडीची २००९ मधली जपानी चाचणी जेमतेम तीसेक माणसांवर झाली, तीही विस्मरणासाठी. पूड बंद केल्यावर फायदा ओसरला. नैराश्यावर छातीठोक सांगण्याजोगं त्यातून काही निघत नाही.

कायद्याचं थोडक्यात: सायलोसायबिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे, आणि खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या कॅप्सूलवर ‘नैराश्य बरं करते’ असं छापता येत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून सायलोसायबिन उपचारासाठी द्यायला परवानगी आहे, तीही ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांनाच.

घरात कुणासाठी विचारत असाल तर चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

धंदाच करायचा असेल तर धिंगरी बघा. भाताचा पेंढा आपल्याकडे आहेच. तो रात्रभर भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, निथळवून बियाण्याचे थर देत पिशव्या भरायच्या. निथळायला मात्र घाई नको, मुठीत दाबल्यावर पाणी टपकलं तर पिशवी सडलीच म्हणा. प्रशिक्षणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.