‘प्रारब्ध’ नको, आणि ‘पूर्वनियोजन’ तर त्याहून नको

प्रश्न असा आलाय: ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या ‘प्रीडेस्टिनेशन’ला, म्हणजे कोणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवलंय या सिद्धांताला, मराठीत ‘प्रारब्ध’ म्हटलं तर चालेल का, नसेल चालत तर नेमका शब्द कोणता, आणि जाता जाता ‘फ्री विल’ला काय म्हणायचं.

नाही चालणार. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी ‘ख्रिश्चनांमध्येही आपल्यासारखंच प्रारब्ध असतं’ असं म्हणायला लागलं की माझं डोकंच उठतं. प्रारब्ध म्हणजे ‘सुरू झालेलं’, त्यात ‘आरंभ’मधलाच रभ् धातू आहे. तुमच्याच जुन्या कर्मांपैकी ज्यांचं फळ मिळायला लागलंय तेवढा भाग म्हणजे प्रारब्ध. म्हणजे कमाई तुमची, भोगणार तुम्हीच, हिशेब चोख. आता नव्या करारातलं पौलाचं रोमकरांस पत्र उघडा, नववा अध्याय. याकोब आणि एसाव अजून जन्मलेसुद्धा नव्हते, बरं-वाईट काहीच केलं नव्हतं, तेव्हाच देवाने एकाला निवडलं, आणि हे मुद्दाम असं सांगितलंय की निवड कर्मांवरून नव्हती हे कळावं. पुढे संत ऑगस्टीनने पेलागियसच्या मताविरुद्ध (माणूस स्वतःच्या प्रयत्नाने चांगला होऊ शकतो, असं ते मत) इतकी वर्षं लेखणी झिजवली ती याच एका गोष्टीसाठी, की कृपा ही कमाई नसते. म्हणजे जो सिद्धांत कर्माचा हिशेब बाजूला ठेवायला निघाला त्यालाच आपण ‘प्रारब्ध’ म्हणायचं? हे म्हणजे बक्षिसाला पगार म्हणण्यासारखं झालं.

‘नशीब’ही नको, तो अरबीतून आलेला ‘वाटा’ आहे आणि वाटणाऱ्याचा त्यात पत्ता नाही. ‘दैव’मध्ये निदान देव आहे, पण मराठीत आपण दैवाला इतकी दूषणं देऊन ठेवलीयत की त्यातला देव कधीच निघून गेलाय. आणि ‘पूर्वनियोजन’! हा शब्द कुणी काढला त्याला माझा नमस्कार, पण ‘पूर्वनियोजित’ म्हटलं की मला पुढे फक्त ‘कट’ ऐकू येतो. शिवाय नियोजन आधीच करतात ना, काम झाल्यावर कोण करतं?

खरं तर तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं, ‘नेमका’ शब्द विचारलात तिथेच. मराठी बायबलात या जागी ‘नेमणे’ हे क्रियापद आहे आणि ते मला शंभर टक्के पटतं. मूळ ग्रीक क्रियापद ‘प्रोओरिझो’. ‘होरोस’ म्हणजे हद्द, सीमा. त्यावरून हद्द आखून देणं, ठरवून देणं, आणि ‘प्रो’ म्हणजे आधी. क्षितिजाला इंग्रजीत होरायझन म्हणतात तोही याच घरातला. नव्या करारात हा शब्द अवघ्या सहा ठिकाणी येतो आणि सहाही ठिकाणी क्रियापद म्हणून. नाम एकदाही नाही! कुणीतरी कुणालातरी किंवा काहीतरी नेमतो, असंच दर वेळी. त्याचं जाडजूड नाम बनवून त्यावर वाद घालणं हे नंतरच्या लॅटिनवाल्यांचं काम.

आता नेम. नियम झिजून नेम झाला, नि आणि यम्. ‘नियती’सुद्धा ह्याच नि-यम् मधून आलीय, म्हणजे नेम आणि नियती सख्खी भावंडं. पण स्वभाव बघा किती वेगळे. नियतीला कर्ता लागत नाही, ती आपली असते. बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोशालाच्या आजीवक पंथाने तर सगळंच नियतीवर सोपवलं होतं, माणसाच्या प्रयत्नाला काही अर्थच नाही म्हणून. नेमणं मात्र सकर्मक आहे, ‘नेमलं’ म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कोणी नेमलं, कोणाला, कशासाठी? आणि बाण मारताना आपण धरतो तो नेमही माझ्या मते हाच. त्यातली गंमत अशी की नव्या करारात पापाला जो मुख्य शब्द आहे, ‘हामार्तिया’, त्याचं क्रियापद होमरच्या काव्यात भाला चुकला, नेम हुकला या अर्थाने येतं. म्हणजे देवाचा नेम आणि माणसाचा हुकलेला नेम, दोन्ही मराठीत एकाच शब्दात बसतात. हे काही पौलाच्या डोक्यात नव्हतं, मला माहितीये, पण मराठीत फुकट मिळतंय तर घ्यायला काय जातं.

पण मला ज्याच्यावर बोलायचंय तो शब्द वेगळाच आहे. रोमकरांस ८:२९ मध्ये ‘नेमलं’च्या आधी अजून एक क्रियापद आहे आणि खरी मारामारी त्याच्यावरून आहे. ज्यांच्याविषयी देवाला ‘पूर्वज्ञान’ होतं त्यांना त्याने नेमलं, असं आपण वाचतो. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस १६०९ मध्ये गेला, त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली, त्यातलं पहिलंच असं की जे विश्वास ठेवतील त्यांना तारायचं हे देवाने ठरवलं; आणि कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसत होतं, हे आर्मिनियसचं स्वतःचं म्हणणं. कॅल्विनच्या मताच्या चर्चने डॉर्टला भरवलेल्या सभेने, १६१८-१९ साली, हे फेटाळलं: विश्वास हा निवडीचं फळ आहे, कारण नव्हे. दोन्हीकडे विद्वान माणसं, आणि मधे हा एक शब्द.

‘पूर्वज्ञान’ हे भाषांतर वाचलं की मराठी माणूस नकळत आर्मिनियसच्या बाजूला जाऊन बसतो. कारण पूर्वज्ञान म्हणजे आगाऊ माहिती, हवामानाच्या अंदाजासारखी. पण मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टी करतो: गोष्ट माहीत असते आणि माणूस ओळखतो. ‘मला तो माहीत आहे’ आणि ‘मी त्याला ओळखतो’ यात केवढा फरक आहे हे लहान पोरालाही कळतं. रोमकरांस पत्रातल्या त्या वाक्यात व्याकरणातलं कर्म बघा: ‘ज्यांना’, माणसं! त्यांचा विश्वास नाही, त्यांच्या पुढच्या करण्या नाहीत, ती स्वतः. म्हणून मी तिथे ‘ज्यांना त्याने आधीपासून ओळखलं’ असंच वाचतो. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलला म्हणतो की पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हालाच ओळखलं. बाकीच्या कुळांची त्याला माहिती नव्हती का? मत्तय ७:२३ मध्ये येशू काहींना सांगतो की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही, आणि त्या आधीच्याच ओळीत ते लोक आपण काय काय चमत्कार केले ते पाढे वाचत असतात. माहिती भरपूर होती, ओळख नव्हती.

यावर कुणीतरी लगेच पेत्राचं दुसरं पत्र ३:१७ काढतं, तिथे हेच क्रियापद साध्या ‘आधी कळणं’ या अर्थाने आहे म्हणून. आहे ना! तिथे कळतेय ती बाब, माणूस नाही.

आणि इथे माझा लाडका शब्द येतो: नातं. हा संस्कृत ‘ज्ञाति’च्या घरातला, ज्ञाति म्हणजे भाऊबंद, आप्त. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, तसाच इथे ज्ञ चा न झाला. (नुसत्या ‘ज्ञाति’मधला त प्राकृतात टिकला नसता, म्हणून मधे एखादं ‘ज्ञात्र’सारखं रूप धरावं लागतं, धरा, घर बदलत नाही.) आता ज्ञाति कशावरून? आपली परंपरा म्हणते ज्ञा धातूवरून, जवळून ओळखीचा तो ज्ञाति. म्हणजे नातं आणि जाणणं या बहिणी, तोंडवळा वेगळा झालाय इतकंच. यावर आधुनिक भाषाशास्त्रातले काही जण नाक मुरडतात, म्हणतात छे, हा ‘जन्मणे’वाला धातू, रक्ताचा संबंध. आवाजाच्या नियमांवरून त्यांचंही जमतं, मान्य. पण मग होमरमधल्या ‘ग्नोतोस’चं काय करणार, ज्याचा अर्थ ‘ओळखीचा’ही आहे आणि ‘भाऊ, नातलग’ही आहे? ग्रीक आणि संस्कृत दोघींना एकाच जागी अपघात झाला का? दोन धातू प्राचीन काळीच एकमेकांत मिसळले असं म्हणून सुटका करून घेतात हे लोक. मिसळले तर मिसळले, पण मिसळावेसे का वाटले? कारण बोलणाऱ्याच्या मनात ओळखीचा आणि आपला हे वेगळं नव्हतंच. पौलाच्या वाक्यातलं ते ‘आधी ओळखणं’, ग्रीकमधलं ‘प्रोएग्नो’, हे त्याच ग्नो चं, आपल्या ज्ञा चं सख्खं. तिथे ‘आधीच नातं जोडलं’ असं भाषांतर केलं तर मी तरी टाळ्या वाजवीन, आणि इफिसकरांस १:५ मध्ये नेमलं ते कशासाठी तर दत्तक घेण्यासाठी, म्हणजे नात्यासाठीच, हेही मग आपसूक जुळतं.

आता यावरून मी कॅल्विनच्या पक्षात गेलो असं कुणी समजू नये. नातं म्हटलं की दोन टोकं आली, आणि दुसऱ्या टोकाला काही बोलायचा हक्क आहे का हा प्रश्न आर्मिनियसचाच आहे. मला फक्त ‘आगाऊ माहिती’ नको.

हां, फ्री विल राहिलंच. ‘मुक्त इच्छा’ नको, मुक्तछंदासारखं वाटतं. ‘स्वेच्छा’ला निवृत्तीने पछाडलंय. ‘इच्छास्वातंत्र्य’ लिहा. स्वातंत्र्य हा शब्द इथे फार योग्य आहे कारण पाणिनीने कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ अशी केलीय. आणि लगेच पुढच्या सूत्रात सांगितलंय की त्या स्वतंत्र कर्त्याला कामाला लावणारा जो प्रयोजक, तोही कर्ताच. आपलं करणं आणि करवणं. ज्याच्याकडून करवलं तोही कर्ता राहतो, त्याचं स्वातंत्र्य काढून घेतलेलं नाही! फिलिप्पैकरांस २:१२-१३ वाचा: तुम्ही आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी देवच साधतो. हे वाक्य ग्रीकमध्ये विरोधाभास वाटत असेल तर असो, मराठीत ते सरळ प्रयोजक आहे. ल्यूथरला हे अजिबात पटलं नसतं, १५२५ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या इरॅस्मसला उत्तर देताना त्याने माणसाच्या इच्छेला जनावराची उपमा दिली, वर देव बसला तर देव नेईल तिकडे, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडे. तरी जनावर चालतं आपल्याच पायांनी, हे त्याला कुणी पाणिनीवाल्याने सांगायला हवं होतं.